अली की टायसन? आधी तारीख सांगा

मुहम्मद अली आणि माइक टायसन हे दोन हेवीवेट बॉक्सर भिडले असते तर कोण जिंकलं असतं? नागपुरात फुटाळा तलावाच्या कट्ट्यावर हा प्रश्न टाका, दोन मिनिटांत चहा गार होतो. एक म्हणतो, "काहून बे, टायसनच्या बुक्कीपुढं अली नाचून नाचून किती नाचंल?" दुसरा म्हणतो, "तू अली पाह्यलाच नाही भौ." पुढचा अर्धा तास हीच दोन वाक्यं आवाज चढवून फिरत राहतात. शेवटी ज्याचा घसा मोठा तो जिंकतो.

असा वाद फसायचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. दोघांच्या डोक्यातला अली वेगवेगळा असतो आणि टायसनही वेगवेगळा. एकजण १९६६ च्या अलीबद्दल बोलतो, दुसऱ्याला १९८० साली लॅरी होम्ससमोर खुर्चीतून न उठू शकलेला ३८ वर्षांचा अली आठवतो. भांडण बॉक्सरचं नसतं, तारखेचं असतं. म्हणून पहिलं काम कागद-पेन काढणं.

रात्र निवडा

प्रत्येक बॉक्सरसाठी खरोखर झालेली एक लढत निवडायची आणि त्या रात्रीचा माणूस रिंगमध्ये उतरवायचा. "उमेदीतला अली" चालत नाही. "१४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टन, क्लीव्हलँड विल्यम्ससमोरचा अली" असं लिहायचं. टायसनसाठी बहुतेक जण २७ जून १९८८ घेतात. त्या रात्री अटलांटिक सिटीत त्यानं मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं, आणि बाविसावा वाढदिवस अजून तीन दिवसांवर होता.

तारीख एवढी महत्त्वाची का, ते अलीवरूनच कळतं. १९६४ ते मार्च १९६७ चा अली पायांवर जगत होता. मग लष्करात जायला नकार दिल्यानं साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. २६ ऑक्टोबर १९७० ला जेरी क्वॉरीसमोर परतला तो जड झालेला आणि मार सोसून जिंकणारा अली. जॉर्ज फोरमनही दोन आहेत. एक १९७३ चा, जो फ्रेझियरला दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडणारा. दुसरा १९८७ ला दहा वर्षांनी परतलेला आणि ५ नोव्हेंबर १९९४ ला, वयाच्या ४५ व्या वर्षी, गुणांवर मागे असताना दहाव्या राउंडमध्ये मायकेल मूररला पाडून किताब परत मिळवणारा. जो लुईसच्या बाबतीत लष्करातली १९४२ ते १९४५ ही वर्षं मधोमध चिरा पाडतात. लेनॉक्स लुईसचे १९९४ ला ऑलिव्हर मॅक्कॉलकडून हरण्याआधीचा आणि नंतर प्रशिक्षक इमॅन्युएल स्टुअर्डच्या हाताखालचा असे दोन भाग धरा.

तारीख निवडायचा हक्क त्या बॉक्सरची बाजू घेणाऱ्याला द्या. लिहिली की मग बदल नाही. इथंच सगळ्यात मोठी लबाडी होते आणि ती बहुतेकदा नकळत होते: उसनवारी. १९६६ चे पाय आणि १९७५ ला मनिलात चौदा राउंड मार सोसायचा दम एकाच अलीत भरला जातो. असा माणूस कधी रिंगमध्ये उतरलाच नाही. फोरमनलाही १९७३ ची ताकद आणि १९९४ चा शांतपणा एकत्र देतात. हे ओळखायला सोपा नियम ठेवा: निवडलेल्या तारखेआधीचा पुरावा पूर्ण चालेल, नंतरचा पुरावा फक्त सवयी दाखवायला चालेल. दम, वेग, पायांची चाल यांसाठी नाही. टायसनला १९९० ला टोकियोत बस्टर डग्लसनं हरवलं, हे १९८८ च्या टायसनचा दम कमी होता म्हणून वापरता येणार नाही. लांब जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) आणि पाठोपाठ उजवा हात आला की टायसनला कसा त्रास होतो, हे दाखवायला मात्र ती लढत चालेल.

नियम कोणत्या काळाचे?

दुसरा कागद नियमांचा. तो न करता बसलात तर तासाभरानं कळतं की एकजण १५ राउंडची लढत पाहतोय आणि दुसरा १२ ची.

१९८२ च्या नोव्हेंबरमध्ये रे मॅन्सिनीबरोबरच्या लढतीनंतर किम डुक-कू या बॉक्सरचा मृत्यू झाला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या बॉक्सिंग संघटनेनं किताबाच्या लढती १२ राउंडवर आणल्या आणि १९८८ पर्यंत बाकीच्या मोठ्या संघटनाही तिथंच आल्या. तीन राउंडनी काय फरक पडतो? १८ जून १९४१ ला बिली कॉन हा हलका, चपळ माणूस बाराव्या राउंडनंतर तीनपैकी दोन जजेसच्या कार्डावर जो लुईसच्या पुढं होता. तेराव्यात लुईसनं त्याला झोपवलं. २३ सप्टेंबर १९५२ ला रॉकी मार्सियानो तिन्ही कार्डांवर जर्सी जो वॉल्कॉटच्या मागं होता, त्यानंही तेराव्यातच उजव्या हाताच्या एका ठोशानं वॉल्कॉटला झोपवलं. आजच्या नियमानं कॉन विजेता ठरला असता आणि मार्सियानोच्या ४९-० मधला तो सुप्रसिद्ध शून्य उरला नसता. "पंधरा धरू की बारा" हा प्रश्न त्यामुळं निम्मा निकालच असतो.

आपल्याकडचं जवळचं उदाहरण घ्या. नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ साली पोलंडमध्ये युवा जागतिक स्पर्धेत ८१ किलोवरच्या गटात सुवर्ण जिंकलं. ते तीन-तीन मिनिटांच्या तीन राउंडचं बॉक्सिंग, त्यात पहिल्या घंटेपासून सगळं ओतावं लागतं. पंधरा राउंडचा माणूस वेगळ्याच हिशेबानं चालतो. म्हणून ऑलिंपिक पदकं या वादात पुरावा म्हणून आणू नका.

मग गुण. ८ मार्च १९७१ ची अली-फ्रेझियर लढत न्यूयॉर्कच्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे कोणी किती राउंड जिंकले एवढंच मोजून दिली गेली: ८-६-१, ९-६ आणि ११-४, तिन्ही फ्रेझियरकडं. पंधराव्यात अली खाली गेला त्याचा वेगळा गुण नव्हता. आज खाली पडलं की राउंड सहसा १०-८, म्हणजे जिंकणाऱ्याला दहा गुण आणि पडणाऱ्याला आठ; एरवी १०-९.

खाली पडल्यावर काय होतं, हेही लिहा. ४ जुलै १९१९ ला जॅक डेम्प्सीनं जेस विलार्डला पहिल्याच राउंडमध्ये सात वेळा पाडलं, कारण तो उठणाऱ्या माणसाच्या डोक्यावर उभा राहू शकत होता. १९२७ ला शिकागोत नियम बदललेला होता: पाडणारा न्यूट्रल कॉर्नरमध्ये, म्हणजे रिंगच्या रिकाम्या कोपऱ्यात, गेल्याशिवाय मोजणी नाही. डेम्प्सी गेला नाही, जीन टनीला सुमारे १४ सेकंद मिळाले आणि टनी गुणांवर जिंकला. १९१९ चा डेम्प्सी आजच्या नियमात आणलात तर त्याचं निम्मं हत्यार दारातच जमा होतं.

उरलेलं थोडक्यात. ग्लोव्ह्ज: आज हेवीवेटला १० औंस, पूर्वी याहून हलके. रिंग: दोरांच्या आत १८ फूट की २०, कारण लहान रिंग आत घुसणाऱ्याची. रेफरी: मिठी (ठोसे थांबवायला समोरच्याला धरून ठेवणं) लगेच सोडवणारा की चालू देणारा. हा शेवटचा मुद्दा सगळे विसरतात आणि अलीच्या लढतीत तोच निर्णायक असतो. जागाही ठरवा. मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या यशवंत स्टेडियमवर लढत ठेवली तर दुसऱ्या राउंडला दोघंही उसाचा रस मागतील.

मापं नीट वाचा

उंची, रीच आणि त्या रात्रीचं वजन, एवढे तीन आकडे पुरेत. पौंडांना २.२ नं भागलं की किलो, इंचांना २.५४ नं गुणलं की सेंटिमीटर. वजन त्या रात्रीचंच हवं, कारकिर्दीची सरासरी नको.

रीचमध्ये हमखास चूक होते. रीच म्हणजे एका हाताची लांबी नव्हे. दोन्ही हात आडवे पसरून एका हाताच्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर. अलीचा रीच ७८ इंच, टायसनचा ७१. म्हणजे "अलीचा हात सात इंच लांब" असं नाही. फरक दोन हातांत वाटायचा आणि त्यात खांद्यांची रुंदीही आलीच. एका जॅबमागं जास्तीत जास्त साडेतीन इंच. तेवढेही भरपूर असतात, पण सात सांगितलेत तर समोरचा पकडेल.

वजनाचा उपयोग ठोशात दिसतो त्याहून जास्त मिठीत होतो. १२४ किलोचा टायसन फ्यूरी फेब्रुवारी २०२० मध्ये १०५ किलोच्या डिऑन्टे वाइल्डरच्या मानेवर झुकत राहिला, आणि वाइल्डरचे पाय त्यानंच गेले. मात्र मोठं वजन आपोआप काही करत नाही. ८५ किलोच्या डेम्प्सीनं १११ किलोच्या विलार्डला चेचलं. (विलार्ड तेव्हा ३७ चा होता आणि तीन वर्षं लढलेला नव्हता, हेही सोबत सांगायचं.) मे २०२४ मध्ये त्याच्याहून हलक्या ओलेक्सांदर उसिकनं त्याच फ्यूरीला गुणांवर हरवलं. मोठ्या माणसाला जॅब आणि मिठी दोन्ही येत असतील तरच किलो मोजा.

मार्सियानो साधारण ८४ किलोवर लढायचा. आज ९०.७ किलोपर्यंत क्रूझरवेट, म्हणजे हेवीवेटहून हलका गट असतो. त्याला लेनॉक्स लुईससमोर उभं करण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. "आजच्या आहारावर तो शंभर किलोचा झाला असता" म्हणायचं असेल तर सुरुवातीलाच म्हणा. पण तो कल्पनेतला माणूस, त्याचा ४९-० कल्पनेत नेता येणार नाही.

जुनी फिल्म पाहताना

मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चौकटी. तीच फिल्म २४ च्या वेगानं दाखवली की सगळेच विजेसारखे हलतात. डेम्प्सीचा "अफाट वेग" पुष्कळदा असा जन्मतो. तपासायला मोबाइलचं स्टॉपवॉच पुरे: न कापलेला राउंड तीन मिनिटांऐवजी दोन-सव्वादोन मिनिटांत संपला तर फिल्म पळते आहे. राउंड कापलेला असेल तर रेफरीचं चालणं पाहा, तो माणसासारखा चालतोय की चार्ली चॅप्लिनसारखा.

निवडक ठोशांच्या चित्रफिती पुरावा म्हणून घेऊच नका. प्रत्येक बाजूनं तीन पूर्ण लढती पाहायच्या: एक सोपा विजय, एक अडचणीचा विजय, एक पराभव किंवा त्याच्या सगळ्यात जवळ गेलेली रात्र. टायसनसाठी स्पिंक्स सगळे पाहतात. मार्च १९८७ ची बोनक्रशर स्मिथविरुद्धची कंटाळवाणी बारा राउंडची लढत कोणी पाहत नाही, आणि उपयोगाची तीच आहे.

सावली शोधा

वादाचा खरा गाभा हा. अली आणि टायसन कधी लढले नाहीत, पण अली टायसनसारख्या कोणाशी तरी लढला असेल, आणि टायसन अलीसारख्या कोणाशी तरी. त्या माणसाला आपण सावली म्हणू. सावलीला तीन प्रश्न विचारायचे: अंगकाठी जुळते का, लढायची पद्धत जुळते का, आणि त्या रात्री दोघंही धडधाकट होते का? तीनपैकी दोन "हो" आले तर सावली धरा.

अलीसमोर टायसनची सावली म्हणजे जो फ्रेझियर: ठेंगणा, डोकं हलवत आत शिरणारा, डावा हूक (बाजूनं वळून येणारा ठोसा) प्राणघातक. अंगकाठी आणि पद्धत जुळते. पण फ्रेझियर उशिरा तापायचा आणि पंधराव्यातही तसाच यायचा. टायसन पहिल्या मिनिटाला तापलेला असायचा. हा फरक विसरला की सावली उलटते.

टायसनसमोर अलीची सावली म्हणून लोक लॅरी होम्स काढतात. जानेवारी १९८८ मध्ये टायसननं त्याला चौथ्यात संपवलं. होम्स ३८ चा होता आणि एप्रिल १९८६ नंतर लढलाच नव्हता. तिसऱ्या प्रश्नाला पडला, म्हणून सावली धरली तरी कच्ची. त्यापेक्षा टोनी टकर बरा: उंच, हात लांब, वय योग्य. ऑगस्ट १९८७ मध्ये तो बारा राउंड उभा राहिला आणि गुणांवर हरला.

जो लुईसचं घ्या. त्याची अलीशी लढत लावायची असेल तर सावली बिली कॉन: फिरणाऱ्या पायांचा लुईसला त्रास होतो, पण एक चूक पुरते. आणि १९३६ ला मॅक्स श्मेलिंगनं पकडलेली खोड, जॅब मारल्यावर डावा हात खाली येणं. १९३८ ला १२४ सेकंदांत त्याच श्मेलिंगला उडवणाऱ्या लुईसमध्ये ती किती उरली होती, हा वाद घालण्यासारखा प्रश्न आहे. "लुईस भारी की अली भारी" हा नाही.

हे बडगे आधीच जाळा

नागपुरात तान्ह्या पोळ्याला मारबतीबरोबर बडगे (वाईट गोष्टींचे पुतळे) निघतात, तसे काही युक्तिवाद वेशीबाहेर काढून मगच बसावं.

पहिला त्रिकोणाचा. "फोरमननं फ्रेझियरला दोनात उडवलं, नॉर्टनला दोनात उडवलं. त्या दोघांनी अलीला हरवलं होतं. मग फोरमन अलीला गिळणार." ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात अलीनं फोरमनला आठव्यात झोपवलं. पद्धती कात्री-कागद-दगडासारख्या अडकतात, उतरंडीसारख्या एकावर एक बसत नाहीत.

दुसरा नुसत्या आकड्याचा. ४९-० खरा आहे, ४३ नॉकआउटही खरे. पण मार्सियानोसमोरचा जो लुईस ३७ चा होता, वॉल्कॉट ३८ चा. मार्सियानोची बाजू मांडायची तर एझर्ड चार्ल्सबरोबरच्या १९५४ च्या दोन लढतींवर मांडा, त्यात दम आहे.

तिसरा कॉम्प्युटरचा. १९६७ मध्ये मरे वरोनर यानं अमेरिकन रेडिओवर कॉम्प्युटरनं लावलेली स्पर्धा घेतली, तीत अलीला जिम जेफ्रीजकडून हरवलं आणि अली कोर्टात गेला. पुढं १९६९ ला अली आणि निवृत्त मार्सियानोला खरोखर रिंगमध्ये उतरवून वेगवेगळे शेवट चित्रित केले. यंत्रात आकडे माणसानंच घातलेले असतात. आजचे व्हिडिओ गेम आणि चॅटबॉटही त्याच रांगेत.

एक लढत मांडून पाहू

अली, १४ नोव्हेंबर १९६६: २४ वर्षं, १९१ सेंमी, सुमारे ९६ किलो. टायसन, २७ जून १९८८: २१ वर्षं, १७८ सेंमी, ९९ किलो. बारा राउंड, २० फुटी रिंग, आजची गुणपद्धत, मधल्या स्वभावाचा रेफरी.

टायसनच्या बाजूचा पुरावा पक्का आहे आणि तो एकाच ठोशाचा आहे. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये हेन्री कूपर, १९७१ मध्ये फ्रेझियर, तिघांनी अलीला पाडलं ते डाव्या हुकनं. कारण एक सवय: हात खाली ठेवून डोकं सरळ मागं खेचणं. सवय आहे, म्हणून १९७१ चा पुरावाही इथं चालतो. टायसननं १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला संपवलं तेही डाव्या हुकनंच, आणि तो एकटा हूक मारत नाही, आधी बरगडीत मारून हात खाली आणतो.

अलीच्या बाजूनं तीन गोष्टी. अली स्वतःच्या डावीकडं फिरला तर त्या हुकपासून दूर जातो, जरी टायसनच्या उजव्याकडं सरकतो. टायसनला आत शिरायला प्रत्येक वेळी जॅब चुकवावा लागतो, आणि हलत्या माणसामागं हे बारा राउंड करणं स्पिंक्ससमोर दीड मिनिट करण्याइतकं सोपं नाही. तिसरी गोष्ट मिठी. अली मान खाली दाबून धरायचा, आणि मिठीत अडकलेला टायसन बऱ्याचदा रेफरीची वाट पाहत थांबायचा. स्मिथनं ते बारा राउंड करून दाखवलं.

पहिले तीन-चार राउंड टायसनला द्या आणि त्यात अली एकदा खाली जाईल असंही धरा. पाचव्या-सहाव्यापासून टायसनचे ठोसे तीनचे दोन, दोनचा एक होतात. आमचा कौल: ही लढत दहा वेळा झाली तर सहा वेळा अली, गुणांवर किंवा दहाव्या राउंडच्या आसपास थांबवून, चार वेळा टायसन, चौथ्याच्या आत. रेफरी मिठीला गुण कापणारा असेल तर पाच-पाच. पंधरा राउंड केले तर सात-तीन. निकाल असा दहापैकी किती, या भाषेतच सांगावा. "अलीच जिंकणार, लिहून घे" म्हणणाऱ्याकडून खरंच लिहून घ्या आणि खाली त्याची सही घ्या, आवाज आपोआप उतरतो.

बैठक कशी लावायची

पाच ते सात माणसं पुरतात: दोन बाजू आणि तीन जज. बोलायला तीन मिनिटं, मध्ये एक मिनिट विश्रांती, अगदी राउंडसारखं. पाच राउंड: तारीख, नियम, मापं, सावली, लढतीचा आराखडा. जजनं प्रत्येक राउंडचे १०-९ पुढचा राउंड सुरू व्हायच्या आत लिहून कागद उलटा ठेवायचा. नाहीतर शेवटचा बोलका माणूस सगळे राउंड पळवतो. उसनवारी पकडली गेली तर १०-८. कोणाला कोणती बाजू ते नाणं उडवून ठरवा. टायसनच्या भक्ताला अलीची वकिली करावी लागली की तो पहिल्यांदा टकरची लढत पूर्ण पाहतो.

पहिल्याच बैठकीला अली-टायसन घेऊ नका, सगळे आधीच तापलेले असतात. सॉनी लिस्टन (सप्टेंबर १९६२) विरुद्ध फोरमन (जानेवारी १९७३) घ्या: दोघंही जड हाताचे, आणि तरुण फोरमन लिस्टनबरोबर सराव करायचा, म्हणजे पुराव्याला एक जास्तीची वाट मिळते. दुसऱ्या बैठकीला फ्रेझियर १९७१ विरुद्ध मार्सियानो १९५२. ती मात्र पंधरा राउंडचीच ठेवा, बारात त्या दोघांचं पोट भरत नाही.